बाराव्या मोजणीचं पान

त्या पानावर एककाच्या घरात सातचा आकडा अकरा वेळा आला होता आणि शून्य एकदाही नव्हतं.

पानावर चोवीस ओळी होत्या, भिंतीच्या प्रत्येक खणाची एक. प्रत्येक ओळीत दोन आकडे: पिवळ्या किती, तपकिरी किती. असे अठ्ठेचाळीस. खरोखर मोजून लिहिलेल्या आकड्यांत कुणी कुणाचा लाडका नसतो; दहा, वीस, पंधराही अधूनमधून येऊन जातात. माणूस मनाने लिहायला बसला की मात्र त्याला गोल आकडे खोटे वाटतात आणि सात फार खरा वाटतो. पस्तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून आणि मुलांच्या प्रयोगवह्या तपासून ताईला एवढं तरी नक्की कळलं होतं. या पानाशी ती पहिल्यांदा अडली त्याला तेवीस वर्षं झाली. तेव्हा तिने वही मिटून जागच्या जागी ठेवली होती आणि कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता.

आजही तिने वही मिटली आणि गठ्ठ्याच्या अगदी तळाशी सरकवली.

"ताई, सगळ्या वह्या काढल्यास ना?" लेकीने स्वयंपाकघरातून विचारलं. मामाचं ऐकून ऐकून तीही स्वतःच्या आईला ताईच म्हणायची.

"काढल्या. तुला कशाला हव्यात सकाळी सकाळी?"

"मला मामाच्या अक्षरातलं एक पान हवंय. पूर्ण पान, सगळं त्याच्या हातचं. एक तरी असेल ना?"

"बघावं लागेल," ताई म्हणाली. बघायची काही गरज नव्हती. एकावन्न वर्षांत तसं पान एकच होतं.

वह्या बाबांनी सुरू केल्या. ते शाळेत विज्ञान शिकवत. घरामागच्या दगडी भिंतीवर गोगलगायी फार. काही पिवळट शंखाच्या, काही तपकिरी. एका रविवारी त्यांनी खडूने भिंतीचे चोवीस खण पाडले, दहा वर्षांच्या ताईच्या हातात पेन्सिल दिली, पाच वर्षांच्या धाकट्याच्या हातात टॉर्च दिला, आणि मोजायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी शंभरात एकाहत्तर पिवळ्या निघाल्या. भिंतीपलीकडे तेव्हा मोकळं, वाळकं गवत होतं आणि पिवळी गोगलगाय त्यात लपून जाई. मग नगरपालिकेने तिथे झाडं लावली. झाडं वाढली, सावली आली, खाली काळपट पाचोळा साचला. पाचोळ्यात पिवळा शंख लांबूनही उठून दिसतो. पक्षी तो उचलतात आणि दगडावर आपटून फोडतात. उरतात त्या तपकिरी, आणि त्यांची पिल्लंही बहुतेक तपकिरीच. गेल्या वर्षी शंभरात अठ्ठावीस पिवळ्या उरल्या होत्या. "आपण काही शोध लावत नाही," बाबा म्हणायचे, "आपण बघतो आणि बघितलं तेवढंच लिहितो." बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण वर्षातला तो एक रविवार घरात कुणी चुकवत नव्हतं. लग्नं, बाळंतपणं, निवडणुका, सगळं त्याच्या अलीकडे-पलीकडे उरकलं जायचं.

आणि याच घरातल्या, टॉर्च धरणाऱ्या त्या धाकट्याने तीन आठवड्यांपूर्वी भर सभागृहात विचारलं होतं, "होताना कुणी पाहिलंय?"

धाकटा आता शिक्षणमंत्री होता. दहावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातलं अकरावं प्रकरण उत्क्रांतीचं. ते काढून टाकावं, मुलांच्या वयाला झेपत नाही, अशी एका समितीने शिफारस केली होती, आणि तीन महिने त्या फाईलचं त्याच्या टेबलावर भिजत घोंगडं पडलं होतं. सभागृहात चर्चा निघाली तेव्हा एका ज्येष्ठ सभासदाने सांगितलं की आपले पूर्वज माकड नव्हते, समोरच्या बाकावरच्यांचं आपल्याला ठाऊक नाही. हशा पिकला. त्या हशावर उभं राहून मंत्र्याने आपलं वाक्य टाकलं आणि बाकं वाजली. ताईची लेक एका शाळेत दहावीलाच विज्ञान शिकवत होती. तिने ते शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत, टीव्हीवर पाहिलं. उद्या सोमवारी पुस्तकाची नवी आवृत्ती छपाईला जायची होती. प्रकरणासकट की प्रकरणाशिवाय, हे अजून कुणालाच माहीत नव्हतं.

---

धाकटा, म्हणजे घरातला खारू, आला तो सात वाजता, बायकोसह, जुन्या पॅन्टमध्ये. लहानपणी गालात दाणे साठवून दिवसभर हिंडायचा म्हणून खारू. गाल अजून तसेच होते. अंगरक्षक कोपऱ्यावर गाडीतच थांबला होता. आत आलं की खारूची आई आपल्यालाही भिंतीशी मोजायला उभं करते, हे तो दोन वर्षांच्या अनुभवाने शिकला होता.

"या मंत्रिमहोदय," ताई म्हणाली. "चपला बाहेर."

"विरोधी पक्षाची सुरुवात दारातच?" खारू म्हणाला, आणि वाकून तिच्या पिशवीतून बिस्कीट उचललं. "मास्तरीण कुठाय?"

मास्तरीण म्हणजे भाची. ती दारात आली, हाताची घडी घालून. "मी बोलत नाहीये तुझ्याशी."

"हे सांगायला तरी बोललीस."

"मामा, गंमत करू नकोस. दहा दिवसांनी मला अकरावं प्रकरण सुरू करायचंय. हेडमास्तर म्हणतात, थांबा. मुलं विचारतात, मिस, परीक्षेला आहे का? मी काय सांगू? माझा मामा ठरवतोय?"

"सांग, विचाराधीन आहे."

"तीन महिने?"

"अगं, आधी मोजू दे मला," खारू म्हणाला आणि तिच्या बाजूने निसटून मागच्या अंगणात गेला. त्याची बायको, दातांची डॉक्टर, हसत ताईपाशी थांबली. "ताई, गाडीत दोनदा सचिवांचा फोन आला. दोन्ही वेळा 'संध्याकाळी सांगतो' म्हणाला. रात्री झोपेत कूस बदलतो तर पलंग हलतो. मला वाटतं तुम्हीच काही बोला. माझं ऐकून ऐकून त्याला सवय झालीय."

"आणि माझं?"

"तुमच्यासमोर तो अजून थोडा पाच वर्षांचा असतो," भावजय म्हणाली.

अंगणाच्या मधोमध आई खुर्चीत बसली होती, मांडीवर नेलपेंटच्या बाटल्यांचा डबा. वय चौऱ्याऐंशी, गेल्या साली पडल्यापासून काठी आली होती, पण अधिकार तसूभरही कमी झाला नव्हता. मोजलेली गोगलगाय पुन्हा मोजली जाऊ नये म्हणून प्रत्येकीच्या शंखावर एक ठिपका लावायचा आणि त्याचा रंग दर वर्षी आईने ठरवायचा, ही पहिल्या वर्षापासूनची पद्धत. एखादी पिवळी की तपकिरी असा वाद झाला तर निकालही तिचाच.

"या वर्षी जांभळा," तिने जाहीर केलं. "आणि जोड्या लावून घ्या. खारू ताईबरोबर."

"दर वर्षी मी ताईबरोबर का?"

"कारण मी सांगते म्हणून," आई म्हणाली.

ताईला वाटलं, आईचे डोळे क्षणभर तिच्याकडे वळले आणि परत बाटल्यांवर गेले. पण तसं काही नसेलही.

---

हवा थंड होती, भिंत ओलसर. दगडांच्या फटींतून शंख बाहेर आले होते. एकाने बघायचं, दुसऱ्याने लिहायचं; खण संपला की बदलायचं. पहिला खण खारूने बघितला. त्याचं बोट दगडावरून सावकाश सरकत होतं आणि मंत्र्याचा आवाज गळून पडून साधा, घरचा आवाज येत होता. "तपकिरी. तपकिरी. पिवळी. तपकिरी… ही बघ, केवढीशी आहे."

"मोज."

"मोजली की. ठिपका कुठे लावू हिला? बाटलीत बुडवावी लागेल."

दुसऱ्या खणापाशी ताई म्हणाली, "खरं सांग. तिथे किती जणांना खरंच वाटतं की हे सगळं थोतांड आहे?"

खारूने वहीत आकडा लिहिला. "ताई, तिथे कुणाला काय वाटतं हा प्रश्नच नसतो गं. दोघं-तिघं मनापासून बोलतात, त्यांचा मला राग येत नाही. बाकीच्यांना, लोकांना जे वाटत असेल असं त्यांना वाटतं, ते वाटतं."

"आणि तुला?"

"मी तर खातं सांभाळतो."

"आरोग्य खातं दर वर्षी फ्लूची नवी लस का मागवतं?"

"जुनी चालत नाही म्हणून."

"का चालत नाही?"

"जंतू बदलतो म्हणून. परीक्षा घेतेस का माझी?" खारू हसला. "जंतू बदललेले चालतात, ताई. जंतू आपले आजोबा नाहीत. वादळ येणार म्हणून वेधशाळेने सांगितलं की आम्ही सगळे विज्ञानवादी असतो. छप्पर आपलंच असतं ना. अडचण होते ती शास्त्रज्ञ आपल्या घराण्याबद्दल बोलायला लागले की."

"छान बोलतोस."

"तेच तर वाईट आहे," तो म्हणाला. "'होताना कुणी पाहिलंय' हे वाक्य मला उभं राहता राहता सुचलं. तयारी नव्हती. बाकं वाजली तेव्हा इतकं बरं वाटलं, काय सांगू. खाली बसलो आणि मला हा तिसरा खण आठवला. तिसराच. इथे तो फुटका दगड आहे ना, तो."

ताईने पेन्सिल त्याच्याकडून घेतली.

भिंतीच्या दुसऱ्या टोकाकडून भावजयीचा आवाज आला. "मी रोज चार माणसांच्या अक्कलदाढा काढते. जबडा आखूड झाला आणि दाढांपर्यंत निरोपच पोचला नाही. कुणी पाहिलंय म्हणे! एकेकाला माझ्या खुर्चीत बसवा, आरशात दाखवते."

"मामी, हे तू सभागृहात जाऊन सांग."

"तोंड उघडं ठेवून गप्प बसणारी माणसं लागतात मला. तिथे नेमकं उलटं असतं."

आई खुर्चीतून हसली. वरच्या फांदीवर एक पक्षी येऊन बसला आणि सगळ्यांनी एकदम वर बघितलं. पलीकडे कुठेतरी दगडावर शंख आपटल्याचा टक टक आवाज आला, की वाटतं मोजणीत एक कमी झाली. पण त्या पक्ष्यांना घरात कुणी कधी हाकललं नव्हतं. साडेनऊला चोविसावा खण संपला. चारशे बासष्ट. पिवळ्या एकशे पंचवीस, म्हणजे शंभरात सत्तावीस.

"अजून एक टक्का गेला," भाची म्हणाली. "कुणी पाहिलं म्हणे. आपण पाहिलं. या वर्षीही."

---

चहाच्या टेबलाशी सगळे बसले तेव्हा ऊन खिडकीतून आत आलं होतं. ताईला हा तास फार आवडायचा. बोटं जांभळी झालेली, बेरीज झालेली, बाबांच्या जागेवर वह्यांचा गठ्ठा. आज मात्र भाची गठ्ठ्याशी उभी होती आणि एकेक वही काढून बाजूला ठेवत होती.

"चहा निवतोय," ताई म्हणाली.

"निवू दे." तिने तळाची वही काढली, पानं उलटली आणि थांबली. "मिळालं! मामा, हे तुझंच अक्षर ना? बारावी मोजणी. तू तेव्हा सोळा वर्षांचा. सगळं पान तुझं."

खारूने कप खाली ठेवला.

"आता ऐक," भाचीने खिशातून फोन काढला. "मी याचा फोटो काढणार आहे. शिक्षणमंत्री म्हणतात कुणी पाहिलंय. हे बघा, शिक्षणमंत्र्यांनी स्वतः पाहिलंय, मोजलंय आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय. वर्तमानपत्रातली माझी एक मैत्रीण वाट बघत बसलीय. उद्या सकाळी छापून येईल. मग बघू कसा काढतोस प्रकरण."

"ते पान नको," ताई म्हणाली.

तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा जोरात निघाला होता. भाची वळली. "का नको?"

"दुसरं घे. माझ्या अक्षरातलं घे. बाबांचं घे."

"त्याला काय अर्थ आहे? आजोबा थोडेच मंत्री होते!" मग तिचा चेहरा बदलला. "ताई, तू त्याला वाचवतेयस. कमाल आहे. दिवसभर आपण बोलतो ते काय, आणि वेळ आली की भाऊ."

"तसं नाही गं."

"मग कसं?"

तेवीस वर्षं ताईने ती गोष्ट पोटात ठेवली होती आणि आता ती नेमकी कुणासाठी ठेवली होती हेच तिला आठवेना. भावजय कधी हिच्याकडे, कधी तिच्याकडे बघत होती. पान छापून आलं असतं तर कुणीतरी हुशार माणूस कधीतरी ते सात मोजणारच होता. मग एकट्या भावाची फजिती होऊन भागलं नसतं. बघा, यांचे पुरावे असे असतात, असं म्हणायला एक पान पुरतं.

"काढ फोटो," खारू म्हणाला. "पण खाली लिही, हे पान खोटं आहे."

त्याने वही आपल्याकडे ओढून घेतली.

"बाबा दवाखान्यात होते, पोटाचं ऑपरेशन. ताई कॉलेजला, परगावी. बाबांनी मला पलंगावरून सांगितलं, या वर्षी तू एकटा मोज, तुला येतं. आणि त्याच सकाळी माझ्या मित्राचा भाऊ नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा होता, त्याची पोस्टरं चिकटवायची होती. मी पोस्टरं चिकटवायला गेलो. दुपारी याच टेबलाशी बसलो आणि वीस मिनिटांत चोवीस खण भरले. मागे गेलोसुद्धा नाही. संध्याकाळी बाबांना वही दाखवली." तो किंचित हसला. "राजकारणातला माझा पहिला दिवस."

"बाबा काय म्हणाले?" ताईने विचारलं.

"शाबास म्हणाले."

भाचीने फोन टेबलावर पालथा ठेवला. "ताई, तुला माहीत होतं?"

"सात फार होते," ताई म्हणाली. "शून्य नव्हतं."

खारूने बहिणीकडे पाहिलं. "कधीपासून?"

"तेवीस वर्षं."

"म्हणून या नोंदींवरचा तुझा शोधनिबंध पडून राहिला? सगळे विचारायचे, इतक्या वर्षांच्या नोंदी आहेत, छापत का नाहीस."

"तो आळस होता रे," ताई म्हणाली. हे काही खरं नव्हतं, आणि दोघांनाही ते कळलं.

"मला एक सांगा," आई म्हणाली. तिने बिस्कीट चहात बुडवलं होतं आणि ते वेळेत बाहेर काढण्याकडे तिचं सगळं लक्ष होतं. "नवव्या खणात किती लिहिलंय?"

भाचीने वही ओढली. "पिवळ्या सतरा, तपकिरी सात."

"नवव्या खणात त्या महिन्यात भिंतच नव्हती," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"पाण्याची मोठी टाकी आत आणायची होती. गवंड्याने नववा खण पाडला होता. नंतर दोन महिन्यांनी परत बांधला. तुझ्या बाबांनी स्वतः उभं राहून पाडून घेतला होता, दवाखान्यात जायच्या आधी आठ दिवस."

पहिल्यांदा भावजयीला हसू फुटलं. तिने तोंडावर हात धरला, पण उपयोग झाला नाही. मग भाची हसली, आणि मग खारू, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अरे देवा. हवेत सतरा गोगलगायी मोजल्या मी."

"चोवीस," भाची म्हणाली. "तपकिरी धरून."

ताईच्या मनात मात्र वेगळीच गाठ सुटली होती. तेराव्या मोजणीत नवव्या खणात फक्त दोन गोगलगायी का निघाल्या, हे कोडं तिने ऊन, चुना, मुंग्या अशी कितीतरी उत्तरं लावून सोडवायचा प्रयत्न केला होता. भिंत नवी होती, एवढंच.

हसू ओसरल्यावर खारूने विचारलं, "म्हणजे बाबांना त्याच संध्याकाळी कळलं होतं."

"हो."

"आणि शाबास म्हणाले?"

"मी चिडले होते त्यांच्यावर. दोन रट्टे द्या म्हटलं. ते म्हणाले, सांगेल तो आपणहून. तेव्हा मोजू परत." आईने कप बाजूला सरकवला. "वाट बघितली त्यांनी. पुढच्या वर्षीपासून तुला कुणाच्या तरी जोडीने मोजायला लावलं, तेवढंच. शेवटी शेवटी मला म्हणाले, जोडी मोडू नकोस. मी काही मोडली नाही."

खारूने टेबलावरची वही मिटली. त्याच्या गालावर नेलपेंटचा जांभळा डाग लागला होता. मग तो उठला, दाराशी ठेवलेली आपली बॅग घेऊन आला आणि त्यातून एक जाड फाईल काढून ताईसमोर ठेवली.

"समितीचा अहवाल. बाराशे शिक्षकांना विचारलं म्हणे, प्रकरण अवघड वाटतं का. शाळावार तक्ता आहे. पान चौदा बघ."

ताईने चष्मा लावला. भाची तिच्या खांद्यावरून वाकली. पेन्सिल आपोआप ताईच्या हातात आली होती आणि ती एकक मोजत खाली सरकू लागली. निम्म्यावर ती थांबली आणि भावाकडे बघितलं.

"सात?" त्याने विचारलं.

"सातही आहेत."

"मला ते गणित येत नाही. मी नावं बघितली. खालून चौथी शाळा. तीन शिक्षकांपैकी तिघांना प्रकरण अवघड वाटतं. ती शाळा दोन वर्षांपूर्वी बंद झाली, ताई. माझ्याच मतदारसंघातली. मुलं कमी म्हणून मीच बंद केली, मीच कुलूप लावलं, फोटोही आलाय माझा. रिकाम्या इमारतीतल्या तीन शिक्षकांना प्रकरण झेपत नाही." तो खुर्चीत मागे टेकला. "कुणी कुठे गेलंच नाही. कुणीतरी दुपारी टेबलाशी बसलं आणि रकाने भरले. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं. माझ्या नाही येणार तर कुणाच्या?"

"पहिल्याच दिवशी?" भाची म्हणाली. "आणि तीन महिने?"

"मग काय सांगू लोकांना? मला कसं ओळखता आलं म्हणून? सही करवत नव्हती आणि परतही पाठववत नव्हती. सभागृहात बोललो तेव्हाही फाईल घरी टेबलावर होती." तो भाचीकडे वळला. "तुझा राग रास्त आहे. तू म्हणालीस, मी पाहिलंय म्हणून. पाहिलंय गं मी. पन्नास वेळा पाहिलंय. एकदाच नाही पाहिलं, आणि नेमकं तेच पान तुझ्या हाती लागलं."

"मी फोटो नाही पाठवत," ती म्हणाली. "मामा, तुझं खातं जाईल का?"

"जाईलही. पक्षाध्यक्षांना प्रकरण काढायची कल्पना आवडलेली आहे. आजोबा माकड नव्हते म्हणणारे तर माझ्या शेजारच्याच बाकावर असतात."

"खातं गेलं तर माझ्या दवाखान्यात बस," भावजय म्हणाली. "पेशंटना आत पाठव, गोड बोल. ते तुला जमतं. फक्त वहीत काही लिहू नकोस."

आई हसली. ताईने भावाकडे चहाचा दुसरा कप सरकवला आणि त्याने तो घेतला, पण प्यायला नाही. खिशातला फोन वाजायला लागला होता. सकाळपासूनची ही तिसरी वेळ. त्याने पडद्यावरचं नाव बघितलं आणि या वेळी उठून बाहेर न जाता, तिथेच, सगळ्यांच्या मधे बसून उचलला.

"हो, बोला. नाही, संध्याकाळी नाही, आत्ताच सांगतो. घ्या लिहून. समितीचा अहवाल मी नाकारतोय. हो, नाकारतोय. त्याचं कारण उद्या सभागृहात मी स्वतः सांगेन, ते तुम्ही लिहू नका. शाळांची यादी तपासायला काढा, खालून चौथ्या नावापासून सुरुवात करा. छापखान्याला आजच कळवा." तो थांबला. पलीकडून बराच वेळ काहीतरी विचारलं जात होतं. ताईला शब्द कळत नव्हते, पण आवाज काळजीचा होता. भाची मामाच्या तोंडाकडे बघत होती.

"नाही, वगळायचं नाही," खारू म्हणाला. "ऐच्छिकही नाही. अकरावं प्रकरण आहे तसं पुस्तकात राहील. आणि परीक्षेलाही राहील."